स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं. ऑपरेशन कोणतं करायचं, हे कसं ठरवाल?

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की घरात पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच निघतं: "एकदाचं काढून टाका." भीतीपोटी निघतं, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण हाताला लागणारी गाठ आत बऱ्याच महिन्यांपासून, कधी वर्षांपासून वाढत असते. तपासण्या नीट करून दोन-तीन आठवड्यांत निर्णय घेतला तर सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते काढे आणि उतारे यांत तीन-चार महिने गेले तर. अपवाद एकच लक्षात ठेवा: स्तन लाल, गरम, सुजलेला आणि त्वचा संत्र्याच्या सालीसारखी झाली असेल, तर थांबू नका. तिथे उपचार तातडीने सुरू व्हावे लागतात, आणि बहुधा किमोने होतात.

१. आधी कागद पूर्ण करा

"आधी गाठ काढू, मग तपासायला पाठवू" असं कोणी म्हणालं, तर तिथून उठा. घाईत अर्धवट काढलेल्या गाठीमुळे पुढचं ऑपरेशन अवघड होतं. जाड सुईची बायोप्सी हवी, आणि तिच्यावर ईआर, पीआर (दोन्ही हार्मोनसंबंधी) व हर-टू (एका प्रथिनासंबंधी) या कॅन्सरची जात सांगणाऱ्या तपासण्या हव्यात. दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी आणि काखेची सोनोग्राफीही झालेली असावी. पेट-सीटी, म्हणजे आजार अंगभर पसरलाय का ते पाहणारं स्कॅन, मात्र लहान गाठीला, काख स्वच्छ (तिथे आजार नसलेली) असताना, सहसा लागत नाही. पॅथॉलॉजी लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक (बायोप्सीच्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने) मागून घ्या. दुसऱ्या रुग्णालयात गेलात की पहिली मागणी त्यांचीच होते.

२. क्रम विचारा

"आधी ऑपरेशन की आधी किमो?" हा प्रश्न ऑपरेशन कोणतं, याच्याही आधीचा. हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) कॅन्सर असेल आणि गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा आजार काखेत गेला असेल, तर बरेचदा किमो आधी देतात. नातेवाइकांना वाटतं, डॉक्टर टाळाटाळ करताहेत. खरं तर गाठ आकसली की स्तन वाचवण्याची शक्यता वाढते, आणि औषध लागू पडतंय का तेही कळतं. अशा वेळी किमोआधी गाठीत धातूची बारीक क्लिप बसवणार का, ते विचारा. गाठ पूर्ण विरघळली तर सर्जनला जागा त्या क्लिपवरूनच सापडते.

आजार हाडं, यकृत किंवा फुप्फुसापर्यंत पोहोचला असेल तर हिशेब वेगळा. परळच्या टाटा मेमोरियलमधल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा बायकांचा स्तन काढल्याने आयुष्य वाढलं नाही. तिथे औषधं मुख्य.

३. फक्त गाठ की पूर्ण स्तन

सगळा गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

जितकं जास्त कापाल तितका रुग्ण सुरक्षित, हे एके काळी सर्जनही मानत. छातीच्या स्नायूंसकट सगळं काढण्याची पद्धत अनेक दशकं चालली. मग अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बेर्तो वेरोनेसी या सर्जननी चाचण्या केल्या: काही बायकांचा स्तन काढला, काहींची फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं. दोघांचेही वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच. म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यात स्तन ठेवला म्हणून आयुष्य कमी होत नाही.

अट एक आहे, आणि ती पक्की आहे: रेडिएशन. फिशर यांच्या चाचणीत रेडिएशन न देता नुसती गाठ काढलेला तिसरा गटही होता; त्यातल्या ३९.२ टक्के बायकांना त्याच स्तनात कॅन्सर पुन्हा झाला. गाठ काढून रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होतं. तेव्हाच्या तुलनेत आता औषधं सुधारली आहेत, पण बहुतेकींसाठी अट तीच. म्हणून "स्तन वाचवायचा का?" याच्या जोडीला "रेडिएशन पूर्ण करता येईल का?" हेही घरात बोला. आता साधारण पंधरा-सोळा बैठका, म्हणजे तीन आठवडे लागतात; काही ठिकाणी पाच बैठकांतही होतं. मशीन कुठे आहे, सोबत कोण राहील, राहायचं कुठे? टाटात उपचार घेणाऱ्या कित्येक जणांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार असतो. ही सोय आधी लावा.

दोन गैरसमज काढून टाका. स्तन काढला की रेडिएशन टळतंच असं नाही; गाठ मोठी असेल किंवा काखेत आजार असेल तर तरीही लागू शकतं. आणि किमो द्यायची का, हे ऑपरेशनच्या प्रकारावर ठरत नाही, आजाराच्या जातीवर आणि टप्प्यावर ठरतं.

काही वेळा पूर्ण स्तन काढणंच योग्य: गाठी वेगवेगळ्या भागांत पसरल्या असतील, स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असेल, किंवा छातीला पूर्वी रेडिएशन झालं असेल. आणि सगळं समजून घेऊनही एखादी म्हणाली, "मला नको तो, काढा," तर तोही रास्त निर्णय आहे. दुसरा, निरोगी स्तन काढण्याचा विचार मात्र बीआरसीए जनुकाची (त्यातला बिघाड घराण्यात कॅन्सरचा धोका वाढवतो) तपासणी झाल्याशिवाय करू नये. कमी वयात आजार झाला असेल, तो ट्रिपल निगेटिव्ह असेल, किंवा आई, मावशी, बहीण यांच्यात कॅन्सर असेल, तर ही तपासणी विचाराच.

४. काखेचं विसरू नका

स्तनाच्या चर्चेत काख मागे पडते, आणि पुढे आयुष्यभर त्रास हाताला होऊ शकतो. काखेतल्या सगळ्या गाठी (इथे कॅन्सरच्या नव्हे, तर प्रत्येकाच्या काखेत असणाऱ्या लसिका ग्रंथी) काढल्या तर हात सुजण्याचा धोका वाढतो. भाकऱ्या थापणाऱ्या, खुरपणी करणाऱ्या बाईला तो फार जाणवतो. काख तपासणीत स्वच्छ असेल तर विचारा: "आधी मोजक्याच गाठी काढून तपासणार का?" याला सेंटिनल नोड बायोप्सी म्हणतात.

५. सर्जनला काय विचाराल

कागदावर लिहून न्या, कारण समोर बसल्यावर आठवत नाही. स्तनाची पुनर्रचना याच ऑपरेशनमध्ये होईल का? (नको असेल तर ब्रामध्ये घालायचा कृत्रिम स्तन मिळतो.) पुढे मूल हवं असेल तर किमोआधी काय करावं लागेल? गाठीभोवती भूल देणारं लिग्नोकेन टोचणार का? टाटाच्या पुढाकाराने झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,६०० बायका होत्या, आणि कापण्याआधी दिलेल्या या स्वस्त इंजेक्शनने जगण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. दुसरं मत घेतलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावला तर दुसरं मत घ्याच.

पैशांचं म्हणाल तर, महात्मा फुले जन आरोग्य योजना कॅशलेस आहे. यादीतल्या रुग्णालयात जा आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी मिळवा. योजनेचे मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, तिथेच बसलेले असतात. खिशातून भरून मग परत मागू, या भरवशावर राहू नका.

६. ठरवणार कोण

मुलगा, दीर, जावई डॉक्टरांशी बाहेर बोलतात आणि बाईला "छोटी गाठ आहे" एवढंच सांगतात, असं आपल्याकडे सर्रास चालतं. स्तन तिचा, संमतीपत्रावर सही तिची. तिला खोलीत बसवूनच बोलणी करा.

७. ऑपरेशननंतरचा रिपोर्ट

काढलेल्या भागाचा अंतिम रिपोर्ट साधारण एक-दोन आठवड्यांत येतो. त्यात कडा स्वच्छ आहेत का, म्हणजे काढलेल्या भागाच्या काठाला कॅन्सर नाही ना, ते आधी बघा. नसतील तर आणखी थोडं काढावं लागतं, क्वचित पूर्ण स्तनही. ती वेळ आली तर आपल्याला काय चालेल, हे पहिल्या ऑपरेशनच्या आधीच सर्जनशी बोलून ठेवा.