गाळ ब्रासमध्ये, भाडं टनात: मृगाआधी घनतेचा हिशेब करून घ्या

मे महिन्यात मामा (माजी मालगुजारी) तलाव, बोड्या म्हणजे लहान तळी आटली की गाळाच्या ट्रॉल्या वावराकडे निघतात. मग मापांचा गोंधळ सुरू होतो. खोदणारा ब्रास सांगतो, कागदावर घनमीटर लिहिलेले असतात, वाहतूकवाला टनात भाडं मागतो आणि माती परीक्षणाच्या अहवालात घनता ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमध्ये येते.

यातलं एकच लक्षात ठेवा. ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, किलो प्रति लिटर आणि टन प्रति घनमीटर या तिन्हींत आकडा तोच राहतो. १.२ म्हणजे तिन्हीकडे १.२. फक्त किलो प्रति घनमीटर म्हटलं की हजाराने गुणायचं, म्हणजे १२००. कारण साधं आहे: एका घनमीटरमध्ये १००० लिटर मावतात आणि एका टनात १००० किलो असतात.

म्हणून गाळाची घनता काढायला प्रयोगशाळा लागत नाही. दहा लिटरची बादली घ्या. बाजारातल्या बादलीवरच्या खुणेवर माझा तरी भरवसा नाही. लिटरच्या बाटलीने पाणी ओतून दहा लिटरची खूण स्वतः करा. गाळ ट्रॉलीत पडतो तसा सैल भरा, दाबू नका, खुणेशी सपाट करा. बादलीचं वजन वजा जाऊन १२ किलो भरला, तर घनता १.२. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. त्याला १.२ ने गुणलं की ब्रासला सुमारे ३.४ टन.

ओल्या गाळाची बादली जड भरणारच. टनावर पैसे ठरवले तर पाण्याचंही भाडं आपणच भरतो. त्यापेक्षा ट्रॉलीचा डाला आतून मोजा. समजा लांबी १० फूट, रुंदी ६ आणि भराव दीड फूट, तर ९० घनफूट, म्हणजे ०.९ ब्रास.

एका एकरात २ सेंटिमीटर थर द्यायचा, तर ४०४७ चौरस मीटर गुणिले ०.०२, म्हणजे ८१ घनमीटर गाळ लागतो. साडेअठ्ठावीस ब्रासच्या वर, वजनात ९७ टन, आणि वरच्या मापाच्या ३२ ट्रॉल्या. बोटभर थराला एवढं लागतं, तेव्हा दहा ट्रॉल्यांत चार एकर झाकायचा बेत सोडा. एकच तुकडा नीट करा. तोही हलक्या, मुरमाड जमिनीचा. आधीच चिकण असलेल्या भारी काळीत चिकण गाळ टाकला, तर पावसाळ्यात पाणी तुंबून उलट त्रास होतो. गाळाचा सामू (पीएच) आणि क्षार मात्र आधी तपासून घ्या.

आता अहवालातली बल्क डेन्सिटी, म्हणजे पोकळ्यांसकट धरलेली मातीची घनता. ती १.३ असेल, तर हेक्टरी १५ सेंटिमीटर थराची माती १५०० घनमीटर गुणिले १.३, म्हणजे १९५० टन. पीपीएमचं (किलोभर मातीत किती मिलिग्रॅम अन्नद्रव्य) हेक्टरी किलोत रूपांतर करताना २.२४ ने गुणतात, त्यात घनता साधारण १.५ धरलेली असते. तुमची १.३ आहे म्हणून गुणक बदलू नका. खताची शिफारस त्याच गुणकाच्या आकड्यांवर बसवलेली असते.

जमीन दबली का, हे घरीही अंदाजे कळतं, पण भेगाळलेल्या उन्हाळी काळीत नको. काळी सुकली की आकसते आणि आकडा फुगतो. पाऊस पडून वाफसा आला की वीतभर खोल खड्डा करा, निघालेली सगळी माती जपून ठेवा. खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरून काठोकाठ पाणी मोजून ओता. पाणी २ लिटर मावलं आणि ती माती कडक वाळवून २.६ किलो भरली, तर घनता १.३. चिकण जमिनीत आकडा १.४७ च्या पुढे गेला की मुळांना वाट मिळणं अवघड होतं. रेताड जमीन १.८ पर्यंत चालवून घेते. ओल्या वावरात ट्रॅक्टर घातला की हाच आकडा चढतो.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानवाल्यांसाठी: दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घातलं की द्रावण किलो प्रति लिटर १.०२ च्या आसपास जातं, म्हणजे घनमीटरला १०२० किलो. त्यात धानाचं बी टाकलं की पोचट बी तरंगतं, ते काढून टाका. तळाचं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि मगच बीजप्रक्रिया करा.