वेगवेगळ्या माणसांचे मेंदूचे स्कॅन एकमेकांवर कसे बसवायचे

कोकणात घरी बसून ओपनन्यूरोवरचा (मेंदूच्या स्कॅनचा फुकट ऑनलाइन साठा) डेटा घेऊन प्रोजेक्ट करत असाल तर आधी हे लक्षात घ्या, प्रत्येकाचा मेंदू आकाराने आणि घड्यांनी वेगळा, त्यामुळे दोघांच्या स्कॅनमधला एकाच नंबरचा व्हॉक्सेल (स्कॅनमधला छोटा घन ठिपका) म्हणजे मेंदूतली एकच जागा असं अजिबात नसतं. म्हणून सगळे स्कॅन एका टेम्प्लेटवर, म्हणजे ठरवलेल्या नमुना मेंदूवर, आणायचे. बहुतेक जण एमएनआय१५२ घेतात, तो १५२ जणांच्या एमआरआयची सरासरी आहे. स्कॅन आपल्याकडच्या लोकांचे असतील तर १०० भारतीयांवरून बनवलेला हैदराबादच्या ट्रिपल आयटीचा आयबीए१०० पण बघाच.

फाईल डायकॉम (स्कॅनर देतो तो फॉरमॅट) असतील तर निफ्टी (संशोधनात वापरतात तो) करून घ्या, मग प्रत्येक स्कॅन उघडून बघा, डावं-उजवं उलटं झालेलं नाही ना, कारण ही चूक पुढे सॉफ्टवेअर सहसा आपणहून पकडून देत नाही. मग इमेजमधून कवटी काढायची. त्यासाठी एफएसएल या सॉफ्टवेअरचं बेट वापरलंत तर मानेचा भाग राहिलाय का ते बघा, राहिला की पुढचं सगळं वाकडं बसतं.

आता बसवणं. आधी अफाइन, म्हणजे अख्खा मेंदू एकदम हलवणं, त्यात १२ आकडे, सरकवणं, फिरवणं, लहानमोठं करणं आणि तिरकं ताणणं, प्रत्येकाचे तीन. याने ढोबळ आकार जुळतो, घड्या नाही. त्यासाठी नॉनलिनिअर, म्हणजे जागोजागी वेगवेगळं ताणणं, त्यात मला अँट्स या सॉफ्टवेअरची सिन ही पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते, फक्त वेळ खाते. पावसात लाईट कधी जाईल नेम नाही, म्हणून एकेकाचं आउटपुट सेव्ह होईल आणि झालेली फाईल वगळली जाईल असाच लूप लिहा.

झालं की स्कॅन कुठे किती ताणला गेला ते दाखवणारी ग्रिड (चौकटींची जाळी) काढून बघा. रापणीचं जाळं ओढताना ताणलं जातं तसं ते ताणलेलं चालेल, पण दोऱ्या एकमेकींवरून उलट्या गेल्या, म्हणजे जेकोबियन (त्या जागेचं आकारमान किती पट झालं तो आकडा) शून्याच्या खाली गेला, की तो रिझल्ट फेकून द्या. सिमिलॅरिटीचा (स्कॅन टेम्प्लेटशी किती जुळला त्याचा) आकडा चांगला आलाय म्हणून ठेवू नका प्लीज, व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या) कडा टेम्प्लेटवर ठेवून डोळ्यांनी तपासा.

एफएमआरआय (मेंदूचं काम दाखवणारा स्कॅन) असेल तर आधी त्याच माणसाच्या टी१ वर (रचना दाखवणारा साधा एमआरआय) बसवा, पण टी१ वर आणि टेम्प्लेटवर नेणारे दोन्ही ट्रान्सफॉर्म जोडून एकदाच लावा, दोनदा लावले की इमेज दोनदा धूसर होते. आणि लेबलच्या फाईलला (मेंदूच्या भागांना नंबर दिलेली) कायम निअरेस्ट नेबर, म्हणजे जवळच्या व्हॉक्सेलचाच नंबर घेणं, नाहीतर सरासरी निघून १७ आणि १९ नंबरच्या भागांच्या सीमेवर भलताच १८ उगवतो.

स्ट्रोक किंवा ट्यूमरचा पेशंट असेल तर त्या जागेचा मास्क (ती जागा खूण केलेली इमेज) करून ती जुळवणीतून वगळा, नाहीतर सॉफ्टवेअर तो डाग दाबून लहान करतं, टेम्प्लेटमध्ये तसं काही नसतंच ना.