पुढची खोली उबदार आणि मागची गारठलेली? आधी गच्चीचं दार बघा

ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी काढलीय त्यांना वेगळं काही सांगायला नको. जानेवारीत काही रात्री पारा ५च्याही खाली जातो आणि दुपारपर्यंत धुकं हटत नाही. त्यात आमच्या लष्कर नावाच्या भागातल्या जुन्या घरांचं एक ठरलेलंच असतं, पुढच्या खोलीत बऱ्यापैकी ऊब आणि मागच्या खोलीत पाय ठेववत नाही. मग लोक काय करतात, तर मेळ्यात जाऊन आणखी एक हीटर उचलून आणतात. १९०५ मध्ये सुरू झालेला हा व्यापार मेळा हिवाळ्यात भरतो आणि माझ्या अंदाजाने आमच्या गल्लीतला प्रत्येक दुसरा हीटर तिथूनच आलेला आहे. मीही आणला होता.

मागच्या खोलीत सासूबाई झोपतात, वय ऐंशीच्या पुढे. दोन-दोन हीटर लावूनही सकाळी त्यांचे पाय हातात घेतले की गार. त्या म्हणायच्या, "अगं, रात्रभर कुणीतरी पायांवर फुंकर घालतंय असं वाटतं." मी म्हणायचे, आई, वयामुळे वाटत असेल, आणखी एक रजई देते. तीन हिवाळे मी असं म्हणाले, आणि खरं उत्तर त्या पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. फुंकर होतीच.

तेव्हा खाली जे लिहितेय ते त्याच क्रमाने करा. क्रम बदललात तर पैसे आणि मेहनत दोन्ही जाणार, माझी गेलीय.

सगळ्यात आधी मोजा. भिंतीवर ठेवायचे साधे डिजिटल थर्मामीटर दोन घ्या, एक गरम खोलीत आणि एक गार खोलीत, पलंगाच्या उंचीवर, हीटर आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. तीन दिवस रात्री १० वाजता आणि सकाळी ६ वाजता आकडे लिहा. आमच्याकडे सकाळी पुढे १७ आणि मागे ११ होतं. रात्र चढेल तसा फरक वाढत असेल तर ऊब कुठूनतरी पळतेय. रात्री १०ला फरक जास्त आणि पहाटेपर्यंत कमी होत असेल तर तो बराचसा उन्हाचा खेळ आहे, मग तुमचं काम सोपं.

उन्हाचं थोडक्यात सांगते. ग्वाल्हेर २६ अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरात ऐन दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला फक्त ४० अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन सात-आठ फूट आत येतं. मेमध्ये तोच सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो म्हणून छज्जा त्याला अडवतो. उत्तरेच्या खोलीला हिवाळ्यात उन्हाची तिरीपसुद्धा मिळत नाही. म्हणून दक्षिणेचे पडदे दहा ते चार पूर्ण उघडे आणि सूर्य मावळायच्या आत बंद, धुक्याच्या दिवशी दिवसभर बंद. मागच्या खोलीच्या गाद्या-रजया रोज उन्हात. बस.

आता खरं काम, वारा शोधायचा.

यात मला सगळे सल्ले चुकीचे मिळाले. इलेक्ट्रिशियन म्हणाला मोठा हीटर घ्या, सुतार म्हणाला दारच बदला, शेजारच्या काकूंनी सांगितलं की भिंतीला थर्माकोल चिकटवा. थर्माकोल अजिबात नको, हीटरच्या खोलीत तो पेटला तर विझवायला वेळ मिळत नाही आणि धूर विषारी असतो. मोठ्या हीटरचं पुढे सांगते. आणि सागवानी दार बदलायचं तर खर्च केवढा, आणि एवढं करून वारा थांबलाच नसता, का ते बघा.

मी पहिल्या हिवाळ्यात मागच्या खोलीच्या परसदाराला आणि उत्तरेच्या खिडकीला फोमची पट्टी लावली. जाड पट्टी आणली, सगळीकडे सारखी लावली. दार लागेना, कडी बसेना, जोर लावून बसवली तर आठ दिवसांत पट्टी उखडून खाली लोंबायला लागली. दुसऱ्या हिवाळ्यात नीट केलं, फट बंद झाली, आणि तरी खोली तेवढीच गार! उलट आता वारा मोरीकडून येत होता, जिथून आधी कधी आला नव्हता. तेव्हा मी हात टेकले होते.

तिसऱ्या हिवाळ्यात एका रात्री उदबत्ती घेऊन बसले आणि धूर कुठून येतो याऐवजी कुठे जातो ते बघितलं. हाच फरक आहे, बाकी सगळं यावरून आलं. मागच्या खोलीतला धूर मोरीच्या बाजूने आत ढकलला जात होता, ते माहीत होतं, पण पुढे तो जमिनीलगत सरकत आतल्या दाराखालून बोळात जात होता. मी उदबत्ती घेऊन त्याच्या मागे गेले. बोळातून जिन्यात. जिन्याच्या पहिल्या पायरीवर धुराची रेघ वळली आणि सरळ वर चालायला लागली, अगदी कुणी दोरीने ओढतंय तशी. वर गच्चीच्या दाराशी पोचले तर दाराखाली बोट जाईल एवढी फट, आणि धूर त्यातून बाहेर.

म्हणजे काय होत होतं, तर अख्खं घर धुराड्यासारखं चालत होतं. गरम हवा हलकी, ती जिन्यातून वर जाऊन गच्चीच्या फटीतून निसटणार. जेवढी हवा वरून गेली तेवढी खालून आत यायलाच हवी, आणि ती येणार जिथे सगळ्यात सोपी वाट असेल तिथून. आमच्याकडे ती वाट म्हणजे सासूबाईंची खोली. पुढच्या खोलीत जेवढा हीटर जास्त चालवू तेवढी ओढ वाढायची आणि तेवढी गार हवा त्यांच्या पायांवरून जायची. दुसरा हीटर आणून मी त्यांचा त्रास वाढवत होते, हे कळलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

म्हणून आधी वरची फट, मग खालची. याच्या उलट करू नका. खालची बंद केलीत आणि वरची उघडी राहिली तर हवा दुसरी जागा शोधते, आमच्याकडे मोरी शोधली, तुमच्याकडे विजेच्या बोर्डामागची पाइप शोधेल.

उदबत्तीची रीत अशी: रात्री १०च्या सुमाराला, बाहेर चांगली थंडी पडल्यावर, पंखे बंद, घरात तासभर हीटर चालू असलेला. दाराच्या चौकटीपासून चार बोटं लांब धरून अगदी सावकाश फिरवा, श्वास रोखून, कारण आपल्याच श्वासाने धूर हलतो आणि भलतीच फट सापडते. पडदा बाजूला घ्या, कापडाजवळ निखारा नको. धूर तुमच्याकडे वाकला तर तिथून हवा येतेय, फटीत ओढला गेला तर तिथून जातेय. खडूने खूण करा. जातेय त्या खुणांना आधी हात घाला. जिना, गच्चीचं दार, उंचावरची रोशनदानं म्हणजे झरोके, माळ्याचं झाकण.

गच्चीचं दार. जुनी दारं वाकलेली असतात, वर फट दोन मिलिमीटर आणि खाली बारा, म्हणून एकाच जाडीची पट्टी सगळीकडे चालत नाही. वर्तमानपत्राची एक पट्टी कापा, चौकटीत धरून दार लावा आणि ओढा. कागद घट्ट धरला तर तिथे काही लावू नका. अडखळत आला तर पातळ पट्टी. सुळकन आला तर जाड. वितीवितीवर हे करा, कंटाळा येतो पण करा, मी जो फोम उखडला तो हे न केल्यामुळे. दार लावल्यावर फोम दबून साधारण अर्धा व्हावा, पार चपटा झाला तर तो वर्षभरात मेला. पट्टी लावायच्या आधी चौकट स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि कोरडी होऊ द्या, जुन्या ऑइल पेंटवर धूळ आणि तेलकट थर असतो, त्यावर कुठलाच गोंद टिकत नाही. दाराच्या खालच्या कडेला फोम नको, दव आणि पाण्याने कुजतो. तिथे रबरी पट्टी आतल्या बाजूने स्क्रूने बसवा, फरशीला जेमतेम घासेल अशी.

रोशनदानं. आमच्याकडे ती दोरीने फिरणारी आहेत, मधल्या खिळीवर, त्यामुळे चारही बाजूंनी फट. मी थंडीपुरतं जाड पॉलिथिन आतून ताणून टेपने लावते आणि होळीला काढते.

पण इथे एक गोष्ट नीट वाचा. स्वयंपाकघराचं आणि बाथरूमचं रोशनदान कधीही बंद करायचं नाही. गॅस गीझर असेल तर अजिबातच नाही. आणि फटी बुजवलेल्या घरात कोळशाची सिगडी आत आणायची नाही, दार किलकिलं ठेवूनसुद्धा नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो. जुनी माणसं म्हणतात आम्ही वर्षानुवर्षं सिगडी ठेवली, काही झालं नाही. तेव्हा त्या फटींतून हवा खेळत होती, त्या फटी आता तुम्ही बुजवल्यात. आमच्या घरात यावर मी कुणाचंच ऐकत नाही.

वरचं झालं की खालचं तसंच, कागद लावून. आतल्या दारांसाठी जुन्या साडीची दारापेक्षा वीतभर लांब पिशवी शिवून त्यात चिंध्या आणि थोडी वाळू भरा. वाळू नसेल तर ती सरकते आणि निरुपयोगी होते.

यानंतर दोन रात्री थांबून परत मोजा. आमच्याकडे सहाचा फरक तीनवर आला, एकही नवा हीटर न घेता.

उरलेल्या फरकासाठी टेबल फॅन. लोक तो गरम खोलीत ठेवून गार खोलीकडे वारा सोडतात, आणि ते चूक. गार हवा जड, ती जमिनीलगत बसलेली असते आणि हलत नाही. फॅन गार खोलीच्या दारात खाली जमिनीवर ठेवा, तोंड गरम खोलीकडे, सगळ्यात कमी स्पीडवर. तो गार हवा बाहेर ढकलतो आणि तिच्या जागी गरम हवा दाराच्या वरच्या भागातून आपोआप आत येते. हात वर करून बघा, दहा मिनिटांत दाराच्या वरच्या चौकटीपाशी ऊब जाणवते. झोपायच्या आधी तासभर पुरे, मग फॅन बंद आणि दार बंद.

हीटर. २,००० वॉटचा हीटर तासाला दोन युनिट खातो, आणि त्या दोन युनिटांतून उष्णता तेवढीच निघते, ऑइलचा असो, ब्लोअर असो, महाग असो की स्वस्त. फरक फक्त ती कशी मिळते याचा. रॉडचा हीटर समोर बसलेल्या माणसाला तापवतो, खोलीला फारसं नाही. ब्लोअर पटकन तापवतो आणि बंद केला की पटकन संपतं. रात्रभरासाठी ऑइलचा बरा, पण त्याला अर्धा तास आधी लावा. तो गार खिडकी आणि पलंग यांच्या मध्ये ठेवा, पडद्यापासून आणि अंथरुणापासून तीन फूट लांब, म्हणजे काचेवरून घसरणारी गार हवा पलंगापर्यंत पोचायच्या आत तापते. आणि १६ अँपिअरच्या पॉवर प्लगमध्येच लावा. २,००० वॉटला जवळपास ९ अँपिअर लागतात, साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर तो लावला की वायर तापते, जुन्या घरातली वायर तर आधीच म्हातारी असते. दोन हीटर एका बोर्डवर तर नकोच नको.

पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर ओढा, फरशीवर सतरंजी टाका.

आता आमच्याकडे सकाळी पुढे १७, मागे १५. पहिल्या रात्रीनंतर मी चहा घेऊन गेले तर सासूबाई पाय रजईबाहेर काढून बसल्या होत्या. म्हणाल्या, "फुंकर गेली गं."

एक शेवटचं, हे काम दिवाळीच्या आधी करू नका. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, तेव्हा कागद घट्ट बसतो, वाटतं दार ठीक आहे, आणि डिसेंबरात लाकूड आटलं की फट परत हजर. नोव्हेंबरच्या शेवटी मोजा, तेव्हाच पट्टी लावा, आणि दर वर्षी एकदा रात्री उदबत्ती घेऊन जिन्यात जाऊन या.