हेवीवेट मुष्टियोद्धा घडवताना : खान्देशातील प्रशिक्षकांसाठी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडचा एखादा धिप्पाड मुलगा तालमीतून मुष्टियुद्धाकडे वळतो, तेव्हा सुरुवातीला त्याला धोका असतो तो सोप्या पदकांचा. त्याच्या वजनगटात जिल्हा पातळीवर जेमतेम तीन-चार नावे येतात. एकदा पुढे चाल (न लढताच पुढच्या फेरीत प्रवेश) मिळाली आणि एक लढत जिंकली की सुवर्णपदक गळ्यात पडते. म्हणून नोंदवहीत पदकांऐवजी तो आपल्या वजनाच्या जोडीदारांशी प्रत्यक्ष किती फेऱ्या खेळला, हे लिहावे.

गट आधी ठरवावा. वर्ल्ड बॉक्सिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार पुरुषांचे वरचे दोन गट 90 किलोपर्यंतचा आणि त्यावरचा असे आहेत, आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही ते आहेत. 93 किलोच्या मुलाला वरच्या गटात 110 किलोचा प्रतिस्पर्धी भेटू शकतो. त्यामुळे त्याचे वजन आहार सांभाळून काही महिन्यांत हळूहळू उतरवावे. वैशाखात पाणी तोडून आणि घाम गाळून वजन उतरवण्याचा प्रकार आपल्याकडच्या उन्हात जिवावर बेतू शकतो.

तालमीतल्या मुलाची खोड मोडायला सर्वाधिक वेळ लागतो. कुस्तीत तो वाकून, डोके पुढे घालून भिडतो. रिंगमध्ये कमरेखाली डोके नेणे हा फाऊल आहे, आणि वाकलेल्या हनुवटीला खालून येणारा अपरकट आयताच सापडतो. जमिनीवर खडूने सरळ रेघ ओढावी, तिच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवायला सांगावे आणि प्रत्येक जॅबबरोबर (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाबरोबर) पुढचा पाय वीतभर सरकवून मागचा तेवढाच ओढून घ्यायला लावावा. पाय रेघेवर आला की पुन्हा पहिल्यापासून. हे कंटाळवाणे आहे, पण तीन मिनिटांच्या तिसऱ्या फेरीत जड शरीराला हेच पाय सावरतात, आणि पाचही पंच प्रत्येक फेरीचे गुण स्वतंत्रपणे देत असल्याने शेवटची फेरी आळसात घालवता येत नाही.

गावात तोलामोलाचा जोडीदार नसेल, तर वर्षातून निदान दोनदा त्याला पुण्याला किंवा हरियाणात सरावाला न्यावे. वय निघून गेले म्हणून मात्र खचू नये. मुष्टियोद्धे सतीश कुमार आधी कबड्डीचे खेळाडू होते. सैन्यात गेल्यावर प्रशिक्षकांनी त्यांची उंची पाहून त्यांना रिंगमध्ये आणले. 2014 च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक आणि 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये ते पहिले भारतीय सुपर हेवीवेट (सर्वांत वरच्या वजनगटाचे) मुष्टियोद्धे ठरले. तिथली पहिली लढत जिंकताना झालेल्या जखमांना 13 टाके पडले, आणि त्याच अवस्थेत उपांत्यपूर्व फेरीत उझबेकिस्तानच्या बखोदिर जलोलोव्हपुढे ते हरले.

डोक्यावरच्या ठोशाने नॉकआऊट झाल्यास किमान 30 दिवस सराव व लढत दोन्ही बंद ठेवावे लागतात. घरच्यांनाही हे नीट समजावून सांगावे, नाहीतर त्याच महिन्यात यात्रेच्या दंगलीत पोरगा लंगोट लावून उभा असतो.