कर्लीच्या काठावर चित्रकथीची संध्याकाळ

होडीनं जाऊन काठावर चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन सांगितलेली कथा, ऐकायची असेल तर आमच्या गटाला मी नेहमी सांगते, आधी भरती-सुकती (सुकती म्हणजे ओहोटी) बघा, मग दिवस ठरवा. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. गेल्या रविवारी ज्या वेळी भरती होती, त्याच वेळी या रविवारी सुकती मिळेल. भरतीच्या पाण्याबरोबर होडी सिंधुदुर्गातल्या कर्ली नदीत आत न्यायची, सुकती लागली की परतायचं. वल्हं मारणाऱ्याचे हात वाचतात. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही.

कथा मात्र होडीत नको, काठावरच. कुडाळजवळच्या पिंगुळी गावच्या ठाकर समाजातल्या कलाकारांची पोथी म्हणजे कागदावरची चित्रं, पाण्याचा एक थेंबही नको. वीणा, हुडुक (डमरूसारखं छोटं वाद्य), टाळ यांच्या साथीनं रामायणातला प्रसंग एकेका चित्रातून उलगडतो, म्हणून माणसं अर्धगोलात, अगदी जवळ बसवा. वीसच्या वर गेलात की मागच्यांना चित्र दिसत नाही. माईक मी लावू देत नाही. मानधन आधी ठरवा आणि त्याच संध्याकाळी हातात द्या. याबाबत मी कुणाचं ऐकत नाही.

कथेआधी तासभर मुलांना काथ्याचा सुंभ वळायला बसवा. तळहातावर पीळ बसेपर्यंत दोनतीनदा सुटतो, सुटू द्या.