महाडीबीटीचा फॉर्म भरण्याआधी आधारला जोडलेलं बँक खातं तपासा

नागपुरात बारावीनंतर प्रवेश झाला की सगळे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्राकडे धावतात. दाखला लागतोच, आणि गर्दी वाढायच्या आत काढलेला बरा. पण महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करून शिष्यवृत्ती मंजूर होऊनही पैसे अडकतात ते बहुधा बँक खात्यापाशी.

शिष्यवृत्तीची रक्कम आधारवरून जमा होते. बँकेत केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली, म्हणजे काम झालं असं नाही. एनपीसीआय, म्हणजे देशातले बँक व्यवहार जोडणारी संस्था, तिच्या नोंदीत तुमच्या आधारपुढे ज्या बँकेचं नाव आहे, पैसे तिथेच जातात, आणि एका वेळी तिथे एकच बँक असते. शाळेत असताना उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं तिथे असेल तर घोळ झालाच समजा. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये बँकेचं नाव आणि नोंद चालू आहे की नाही, दोन्ही दिसतं. चुकीचं असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा, म्हणजे आधार त्या खात्याला जोडण्याचा अर्ज द्या. खातं विद्यार्थ्याच्या नावाचंच हवं, बाबांचं चालत नाही.

खुल्या प्रवर्गातल्यांनी ‘आपल्याला काय मिळणार’ म्हणून सोडून देऊ नये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचे नियम जरूर वाचा.

अर्ज भरल्यावर पोर्टल मधूनमधून उघडत राहा. त्रुटी निघाली की अर्ज तुमच्याकडेच परत येतो, आणि मुदत संपेपर्यंत तो तसाच पडून राहू शकतो.