अमेरिकेतील राज्यांमध्ये व्यवसायाचे उत्पन्न विभागताना या चुका टाळा

अमेरिकेत एकाहून अधिक राज्यांत व्यवसाय करणाऱ्या कंपनीची जबाबदारी संघीय प्राप्तिकर भरून संपत नाही. बहुतेक राज्ये त्याच नफ्यातील आपला वाटा सूत्राने ठरवतात आणि त्यावर स्वतंत्र कर आकारतात. राज्यांसाठी तयार केलेल्या 1957 च्या नमुना कायद्याने मालमत्ता, पगार आणि विक्री या तिन्ही घटकांना समान वजन दिले होते. पुढे 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूरमन खटल्यात आयोवाचे केवळ विक्रीवर आधारलेले सूत्र वैध ठरवले आणि आज बहुसंख्य राज्ये तेच वापरतात. तरीही काही राज्यांत जुने घटक टिकून आहेत, त्यामुळे एका राज्यासाठी तयार केलेला तक्ता दुसऱ्या राज्याच्या रिटर्नमध्ये जसाच्या तसा उतरवू नये.

याहून अधिक हानी करणारी चूक म्हणजे सर्व राज्यांच्या वाट्यांच्या टक्केवारींची बेरीज 100 व्हावी म्हणून आकडे जुळवणे. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा असल्याने ही बेरीज 92 किंवा 115 आली, तरी गणित चुकले असे लगेच म्हणता येत नाही. तपासायचे ते हे, की राज्यातील विक्रीला (अंशाला) जिने भागले जाते ती छेदातील एकूण विक्री सर्वत्र एकच आहे का, आणि ती कोठे वेगळी असेल तर त्यामागे त्या राज्याचा कोणता नियम आहे.

वस्तूंची विक्री करणाऱ्यांकडून 1959 च्या संघीय कायद्याचा, म्हणजे पब्लिक लॉ 86-272 चा, चुकीचा आधार घेतला जातो. राज्यातील काम केवळ मूर्त वस्तूंच्या ऑर्डर मागण्यापुरते मर्यादित असेल आणि त्या ऑर्डर राज्याबाहेरून मंजूर होऊन तेथूनच माल जात असेल, तर हा कायदा निव्वळ उत्पन्नावरील करापासून संरक्षण देतो. सेवा, सॉफ्टवेअरची सदस्यता आणि विक्रीकर यांना तो लागू होत नाही. रिग्ली कंपनीच्या 1992 च्या खटल्यात विक्री प्रतिनिधींनी दुकानांतील शिळा माल बदलून देणेसुद्धा या मर्यादेबाहेरचे ठरले होते.

संरक्षण मिळाले तरी ती विक्री हिशेबातून नाहीशी होतेच असे नाही. समजा, इलिनॉयमधील गोदामातून एक कंपनी वर्षाला 50 लाख डॉलरचा माल विकते: 20 लाखांचा इलिनॉयमध्ये, 10 लाखांचा इंडियानामध्ये, जेथे तिचे कार्यालय आहे, आणि 20 लाखांचा आयोवामध्ये, जेथे केवळ विक्री प्रतिनिधी फिरतात. आयोवाला कर लावता येत नाही. मात्र इलिनॉयमध्ये थ्रोबॅकचा नियम, म्हणजे दुसऱ्या राज्याला कर लावता येत नसलेली विक्री माल जेथून निघाला त्या राज्याची धरण्याचा नियम, असल्याने ती विक्री इलिनॉयच्या अंशात परत येते आणि तेथील वाटा 40 वरून 80 टक्क्यांवर जातो. नफा 5 लाख डॉलर धरला आणि कंपन्यांवरील 7 टक्के प्राप्तिकर व 2.5 टक्के प्रतिस्थापन कर (रिप्लेसमेंट टॅक्स) एकत्र घेतले, तर फरक 19,000 डॉलरचा पडतो. तपासणीत हा फरक निघाला तर त्यावर व्याज आणि दंडही द्यावा लागू शकतो.

सेवा देणाऱ्यांची अडचण निराळी आहे. जुना नियम सेवा तयार करण्याचा खर्च कोठे झाला हे पाहत असे. कॅलिफोर्नियासह अनेक राज्ये आता ग्राहकाला लाभ कोठे मिळाला हे पाहतात. बीजकावरील पत्ता डेलावेअरचा असला, तरी सेवेचा उपयोग कॅलिफोर्नियातील कार्यालयात होत असल्यास उत्पन्न कॅलिफोर्नियाकडे जाऊ शकते. माझ्या मते बहुतेक वादांचे मूळ येथेच आहे, कारण विक्रीच्या नोंदवहीत केवळ बिलिंगचा पत्ता असतो. करार होतानाच सेवेच्या वापराचे ठिकाण नोंदवावे. वर्षअखेरीस ते शोधणे फार कठीण जाते.

घरून काम करणारा एकच कर्मचारीही कंपनीला त्याच्या राज्यात करपात्र करू शकतो. न्यू जर्सीतील न्यायालयाने 2012 मध्ये मेरीलँडमधील टेलिब्राइट कंपनीबाबत असाच निर्णय दिला.

पुण्या-मुंबईतून अमेरिकी ग्राहकांना सेवा देणाऱ्या कंपन्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दुहेरी कर टाळण्याच्या भारत-अमेरिका करारात अमेरिकेच्या बाजूने संघीय प्राप्तिकराचाच समावेश आहे. त्यामुळे तेथे स्थायी आस्थापना (व्यवसायाचे कायमचे ठिकाण) नाही एवढ्यावरून राज्याचे रिटर्न टाळता येईल, असे गृहीत धरू नये.

रिटर्न भरलेच नसेल, तर तपासणीची कालमर्यादा साधारणपणे सुरूच होत नाही. अशा वेळी राज्याची नोटीस येण्यापूर्वी स्वेच्छा प्रकटीकरणाचा, म्हणजे थकलेला कर स्वतःहून कळवण्याचा, अर्ज करावा. त्यात सहसा मागील ठरावीक वर्षांचाच कर मागितला जातो आणि दंड बहुधा माफ होतो. नोटीस आल्यानंतर मात्र हा मार्ग बहुतेक राज्यांत बंद होतो.